नागरी सहकारी बँकेसाठी सीएमडीबी: काय नोंदवायचं, काय सोडायचं, आणि एजंटच्या नोंदी एकमेकांत का मिसळतात?

शाखाआयटी:
नमस्कार मंडळी. सीएमडीबी (आयटीतल्या वस्तू, सेवा आणि त्यांची आपसातली नाती यांची नोंदवही) उभी करायची आहे. आमची नागरी सहकारी बँक आहे. ३८ शाखा, मुख्य कार्यालयात डेटा सेंटर, दुसऱ्या शहरात डीआर (आपत्तीत वापरायचं पर्यायी केंद्र). आयटी विभागात सहा माणसं. आजची सगळी नोंद तीन एक्सेल फायलींत आहे: एक खरेदी विभागाची, एक एएमसीवाल्यांची (वार्षिक देखभाल करार), एक नेटवर्कची. तिन्हींचा आपसात मेळ नाही.

पसारा असा: तीन होस्टांवर व्हीएमवेअर आणि त्यावर साठेक व्हीएम (आभासी मशीन), पाच स्वतंत्र सर्व्हर, एक स्टोरेज, ४२ राउटर, ७० च्या आसपास स्विच, चार फायरवॉल, ६५० पीसी, १८ एटीएम. शिवाय पासबुक प्रिंटर, सीटीएस (चेक वटवण्याचे) स्कॅनर, यूपीएस. सीबीएस (बँकेची मुख्य संगणकप्रणाली) विक्रेत्याचं आहे, पण चालतं आमच्याच डेटा सेंटरमध्ये.

विचारायचं ते असं:
१. साधन कुठलं घ्यायचं: जीएलपीआय, आयटॉप की नेटबॉक्स?
२. सीआय (सीएमडीबीत नोंदवायचा घटक) म्हणून नेमकं काय काय घ्यायचं? माउसपासून सगळं घ्या असं एका सल्लागाराचं म्हणणं आहे.
३. चाचणीसाठी जीएलपीआयचा एजंट (मशीनची माहिती आपोआप पाठवणारा छोटा प्रोग्रॅम) ५० पीसींवर टाकला. नोंदी आल्या ४३. त्यातल्या एका नोंदीचं नाव दिवसातून अनेकदा बदलतं. हे का होतं?
४. ऑडिटला यातलं काय दाखवावं लागतं?

---

रॅक_बेचाळीस_यू:
दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यावर अवलंबून आहे.

सल्लागाराचं ऐकू नका. माउस, कीबोर्ड, मॉनिटर ही मालमत्ता आहे. ती खरेदीच्या नोंदवहीत आणि घसाऱ्याच्या हिशोबात हवी, सीएमडीबीत नको. एखादी वस्तू सीआय आहे का, हे ठरवायला दोन प्रश्न पुरतात. ती बंद पडली किंवा बदलली तर कुठल्या सेवेवर परिणाम होतो का? आणि तिच्यातला बदल चेंज तिकिटातून (बदलासाठी नोंदवलेल्या मागणीतून) जातो का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर ती वस्तू बाहेर ठेवा. जिच्या बदलावर कुणाचंच नियंत्रण नाही, तिची नोंद महिन्याभरात खोटी होते. आणि दहा खोट्या नोंदी सापडल्या की लोक उरलेल्या हजार खऱ्या नोंदींवरही विश्वास ठेवत नाहीत.

आधी कागदावर लिहा की सीएमडीबीला कोण काय विचारणार आहे. तुमच्या बँकेत साधारण हे प्रश्न येतील:

- हा होस्ट देखभालीसाठी बंद केला तर कुठली सेवा थांबेल?
- अमुक शाखेची लाइन गेली. सर्किट आयडी काय, पुरवठादार कोण, बॅकअप लाइन कुठली?
- १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट संपला. ते अजून कुठल्या शाखेत किती पीसींवर आहे?
- डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीतली सुरक्षा-त्रुटी समोर आली तसं उद्या काही आलं, तर जावावर चालणारी अ‍ॅप्लिकेशन कुठल्या सर्व्हरवर आहेत आणि त्यांचा जबाबदार माणूस कोण?
- पुढच्या तिमाहीत कुठल्या उपकरणांची एएमसी संपते?

शेवटून दुसऱ्या प्रश्नामागे कायद्याचंही कारण आहे. सर्ट-इन या सायबर घटना हाताळणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. बाधित यंत्रणा कुठल्या, त्यांच्यावर काय चालतं, हे शोधण्यातच त्यातले चार तास गेले तर हातात काही उरत नाही. मात्र लॉगफोरजेसारखी लायब्ररी ‘इन्स्टॉल्ड सॉफ्टवेअर’च्या यादीत दिसत नाही, ती जार फाइलच्या (जावा प्रोग्रॅमच्या गठ्ठ्याच्या) पोटात असते. ती सापडते फाइल स्कॅनमध्ये. स्कॅन कुठे चालवायचा आणि सापडल्यावर कुणाला उठवायचं, एवढं सीएमडीबी सांगते.

सर्व्हरच्या नोंदीला पुढची क्षेत्रं पुरतात: नाव, प्रकार, सिरियल किंवा यूयूआयडी (मशीनचा ओळख-क्रमांक), वातावरण (प्रॉडक्शन म्हणजे प्रत्यक्ष कामाचं, यूएटी म्हणजे चाचणीचं, किंवा डीआर), ठिकाण (रॅक आणि यू क्रमांक), ओएस आणि आवृत्ती, जबाबदार गट, सपोर्ट गट, महत्त्व (उच्च, मध्यम, कमी), ग्राहकांचा डेटा आहे की नाही, एएमसीची शेवटची तारीख, आयुष्यातली अवस्था, शेवटचा दिसला कधी, आणि माहिती आली कुठून. रिकामी डिस्क, सीपीयूचा वापर, चालू पॅच पातळी या रोज हलणाऱ्या गोष्टी मॉनिटरिंगमध्ये आणि पॅच सर्व्हरमध्ये राहू द्या. पासवर्ड तर कुठल्याही क्षेत्रात नको, ‘शेरा’मध्ये सुद्धा नको.

‘जबाबदार’ या क्षेत्रात व्यक्तीचं नाव घालू नका, गट घाला. बदली झाली की व्यक्तीचं नाव तसंच राहतं.

चौथ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. रिझर्व्ह बँकेने १९ ऑक्टोबर २०१८ ला नागरी सहकारी बँकांसाठी जी मूलभूत सायबर सुरक्षा चौकट दिली, तीत आयटी मालमत्तेची अद्ययावत नोंदवही मागितली आहे: मालमत्तेचा तपशील, ग्राहकांचा डेटा कुठल्या यंत्रणेत आहे, तिच्याशी जोडलेलं अ‍ॅप्लिकेशन कुठलं, आणि तिचं महत्त्व. वरच्या क्षेत्रांतून हा अहवाल थेट निघतो. ऑडिटसाठी वेगळी फाइल बनवू नका, नाहीतर चौथी एक्सेल तयार होईल.

आता नाती. इथे कंजूषपणा करा. ‘यावर चालतो’, ‘यावर अवलंबून’, ‘याला जोडलेला’, ‘याचा भाग’ या चार प्रकारांत काम भागतं. तुमच्याकडे वरून खाली आठ-दहा सेवा होतील: सीबीएस, एटीएम, मोबाइल बँकिंग, आरटीजीएस-एनईएफटी, सीटीएस, ईमेल, अशा. मोबाइल बँकिंग मिडलवेअरवर (मधल्या जोडणाऱ्या सॉफ्टवेअरवर) अवलंबून, मिडलवेअर डेटाबेसवर, डेटाबेसचा व्हीएम क्लस्टरवर (होस्टांच्या गटावर), क्लस्टर स्टोरेजवर. व्हीएमचं नातं एकेका होस्टशी जोडू नका, क्लस्टरशीच जोडा. व्हीमोशनमुळे (चालू व्हीएम हलवण्याची व्हीएमवेअरची सोय) व्हीएम या होस्टवरून त्या होस्टवर जात राहतो आणि हाताने लिहिलेलं नातं संध्याकाळपर्यंत चुकतं. ते नातं हवंच असेल तर व्हीसेंटरमधून (व्हीएमवेअरच्या व्यवस्थापन-सर्व्हरमधून) आपोआप घ्या.

पहिल्या प्रश्नावर माझं मत: सहा माणसांच्या विभागाने एकच साधन घ्यावं, आणि ते जीएलपीआय. २०२२ मध्ये आलेल्या १० व्या आवृत्तीपासून इन्व्हेंटरी (मशीनची माहिती गोळा करणं) त्याच्या गाभ्यातच आहे, तिकिटं त्यातच आहेत, आणि ९.५ पासून परिणाम-विश्लेषणाचा आलेखही मिळतो. आयटॉपचं मॉडेल जास्त शिस्तीचं आहे. विशेषतः दोन समांतर घटकांपैकी एक गेला तर सेवा चालू राहते, हे त्याच्या परिणाम-विश्लेषणाला कळतं. पण मशीन शोधणारा एजंट त्यात नाही, माहिती बाहेरून आणून सिंक करावी लागते.

---

पॅचपॅनेल:
तिसरा प्रश्न. ५० चे ४३ झाले, म्हणजे बहुधा आठ मशीन एकाच नोंदीत कोसळली आहेत. नाव बदलतं कारण आठही एजंट आळीपाळीने त्याच नोंदीवर आपलं नाव लिहितात. त्या नोंदीचा इतिहास उघडा, आठ नावं फिरताना दिसतील. मग त्या आठ पीसींचा बायोस सिरियल (मदरबोर्डमध्ये साठवलेला क्रमांक) पाहा.

असेंबल केलेल्या पीसींत बोर्ड बनवणाऱ्याने सिरियलच्या जागी ‘टू बी फिल्ड बाय ओईएम’, ‘डीफॉल्ट स्ट्रिंग’, ‘सिस्टिम सिरियल नंबर’ असं काहीतरी ठेवलेलं असतं. यूयूआयडीचंही तेच. ०३०००२००-०४००-०५००-०००६-०००७०००८०००९ हा आकडा दिसला तर तो ओळख नाही, कारखान्यातून आलेली जागा भरण्यापुरती किंमत आहे. तो जगभर असंख्य बोर्डांवर आहे. ओळखीच्या नियमाला सिरियल सारखा दिसला की तो ‘हे तेच मशीन’ असं धरतो.

उपाय याच क्रमाने करा:

१. जीएलपीआयच्या सेटअपमध्ये ड्रॉपडाउनखाली ब्लॅकलिस्ट (ओळखीसाठी न वापरायच्या किमतींची यादी) आहे. हे सिरियल आणि यूयूआयडी त्यात घाला. काही तयार नोंदी तिथे असतातच, पण तुमच्या बोर्डाची असेल असं धरून चालू नका.
२. आयात-नियमांचा क्रम तपासा. नियम वरून खाली लागतात आणि पहिला जुळला की पुढचे बघितले जात नाहीत. आधी सिरियल आणि यूयूआयडी दोन्ही, मग एकटा सिरियल, मग एकटा यूयूआयडी, मग मॅक (नेटवर्क कार्डाचा पत्ता). केवळ नावावर जुळवणारा नियम बंदच ठेवा.
३. मिसळलेली नोंद कचरापेटीतूनही कायमची काढा. ती ठेवून नियम सुधारले तर एजंट जुन्या दुव्यामुळे पुन्हा तिलाच चिकटू शकतात.
४. मग त्या आठ मशीनवर एजंट हाताने चालवा. एजंट ६२३५४ या पोर्टवर एक छोटं वेबपान देतो, तिथून सक्तीने इन्व्हेंटरी पाठवता येते. ते पोर्ट फक्त जीएलपीआय सर्व्हरच्या आयपीसाठी उघडं ठेवा.

आणखी एक शक्यता: पीसी एकाच इमेजमधून (तयार डिस्कच्या प्रतीतून) तयार केले असतील आणि इमेज घेण्याआधीच एजंट चालून गेला असेल, तर त्याने बनवलेली डिव्हाइस आयडीची फाइल सगळ्यांवर तशीच जाते. इमेज घेण्यापूर्वी ती फाइल पुसायची.

लॅपटॉपांमध्ये मॅकचा घोळ वेगळाच असतो. यूएसबी-लॅन अडॅप्टर किंवा डॉक एका लॅपटॉपवरून दुसऱ्यावर गेला की मॅकही जातो. म्हणून मॅकचा नियम शेवटी ठेवायचा, आणि फिरत्या अडॅप्टरांचे मॅक ब्लॅकलिस्टमध्ये टाकायचे.

सॉफ्टवेअरची यादी कुणी स्वतःच्या स्क्रिप्टने काढणार असेल तर डब्ल्यूएमआय या विंडोजची माहिती विचारण्याच्या सोयीतला ‘विन३२ प्रॉडक्ट’ हा वर्ग टाळा. तो नुसती यादी देत नाही, प्रत्येक एमएसआय पॅकेजची तपासणी सुरू करतो आणि काही पॅकेजं स्वतःला पुन्हा जुळवायला लागतात. शाखेत कामाच्या वेळी हे नको. रजिस्ट्रीतल्या अनइन्स्टॉलच्या नोंदी वाचा, ३२ आणि ६४ बिट दोन्हीकडच्या.

---

शाखाआयटी:
तपासलं. आठही पीसी एकाच लॉटमधले असेंबल्ड, आणि सिरियल ‘डीफॉल्ट स्ट्रिंग’. ब्लॅकलिस्ट करून नोंदी काढल्या, आता ५० येतात. धन्यवाद.

पुढची शंका डीआरबद्दल. तिथल्या काही व्हीएमची नावं डेटा सेंटरमधल्यांसारखीच आहेत. त्याही अशाच मिसळतील का?

---

पॅचपॅनेल:
नावावर जुळवणारा नियम चालू असेल तर नक्की मिसळतील, आणि हा घोळ पीसींपेक्षा जास्त महागात पडतो. डीआर ड्रिलच्या दिवशी तिकडचा व्हीएम सुरू होतो, प्रॉडक्शनची नोंद बदलते, आणि ठिकाण ‘डीआर’ होऊन बसतं.

नाव ही ओळख नाही, असं धरून चला. व्हीसेंटरमधून क्लोन केला तर नव्या व्हीएमला नवा बायोस यूयूआयडी मिळतो. पण फाइली उचलून दुसरीकडे उभा केला आणि ‘मूव्ह केला की कॉपी केला’ या प्रश्नाला ‘मूव्ह’ उत्तर दिलं, तर जुनाच यूयूआयडी राहतो. रेप्लिकेशनचं साधन यातलं काय करतं, ते दोन्हीकडचे यूयूआयडी शेजारी ठेवून एकदा पाहून घ्या. यूयूआयडी एकच निघाला तर व्हीसेंटरचा इन्स्टन्स यूयूआयडी वापरा. तो त्या व्हीसेंटरच्या आत एकमेव असतो, म्हणून सोबत व्हीसेंटरचं नावही किल्लीत घ्या. डीआरचा व्हीएम हा वेगळा सीआय, त्याची अवस्था ‘राखीव’, आणि मूळ व्हीएमशी ‘याची डीआर प्रत’ हे नातं. चार नात्यांत हे पाचवं घालावंच लागेल.

व्हीसेंटर आणि एजंट अशा दोन ठिकाणांहून माहिती घेणार असाल तर आणखी एक खोच आहे. एकाच व्हीएमचा यूयूआयडी दोन्हीकडे वेगळा दिसू शकतो, कारण पहिल्या तीन गटांतले बाइट एकीकडे उलट क्रमाने छापले जातात. शेवटचे दोन गट तंतोतंत सारखे आणि पहिले तीन उलटे दिसले तर ती दोन मशीन नाहीत, एकच आहे. आयातीच्या स्क्रिप्टमध्ये क्रम एकसारखा करून घ्या. नाहीतर साठ व्हीएमच्या एकशेवीस नोंदी होतील.

---

लूपबॅक_शून्य:
एकच साधन घ्या, या मताशी मी सहमत नाही. नेटवर्कसाठी नेटबॉक्स वेगळं ठेवावं.

कारण दोन्हींचा स्वभाव वेगळा आहे. जीएलपीआयचा एजंट ‘आज काय आहे’ ते सांगतो. नेटबॉक्समध्ये ‘काय असायला हवं’ ते माणूस लिहितो, आणि चालू नेटवर्कमधून नेटबॉक्स आपोआप भरू नका असा सल्ला त्याच्या दस्तऐवजांतच दिलेला आहे. शाखेत कुणी परस्पर स्विच लावला आणि शोध-साधनाने तो निमूटपणे नोंदवला, तर चूक पकडली जाण्याऐवजी अधिकृत होते. दोन याद्यांतला फरक हाच तर खरा माल आहे: असायला हवं पण दिसत नाही, आणि दिसतं पण असायला नको.

बँकेसाठी त्यातले तीन भाग फार कामाचे आहेत. सर्किट: पुरवठादार, सर्किट आयडी आणि दोन्ही टोकं एका जागी. व्हीआरएफ (एकमेकांपासून वेगळी ठेवलेली आयपींची जाळी): एटीएम विक्रेत्याच्या आणि तुमच्या जाळ्यात १९२.१६८ ची तीच रेंज आली तरी आयपींची गल्लत होत नाही. आणि केबल: पॅच पॅनेलच्या पोर्टपासून स्विचच्या पोर्टपर्यंतचा माग.

शोध घेताना काही सावधगिरी:

- स्विचचा स्टॅक (एकत्र जोडलेले स्विच) एकाच आयपीवर एकच उपकरण म्हणून दिसतो. आत तीन स्विच असतील तर सिरियल तीन हवेत, नाहीतर एएमसीच्या बिलात दोन स्विच बेवारस राहतात. एंटिटी-मिबमध्ये (उपकरणातल्या भागांची यादी) प्रत्येक सदस्याचा सिरियल मिळतो.
- व्हीआरआरपी किंवा एचएसआरपीचा (दोन राउटरांनी मिळून वापरायचा) आभासी आयपी म्हणजे तिसरा राउटर नव्हे. त्या आयपीची नोंद ‘आभासी’ म्हणून करा, उपकरण म्हणून नको.
- पोर्ट स्कॅनमधून ९१०० वगळा. नेटवर्क प्रिंटर त्या पोर्टवर जे येईल ते छापत सुटतो. स्कॅन झाला की शाखेत अगम्य अक्षरांचे कागद पडलेले सापडतात.
- एटीएम आणि विक्रेत्याच्या ताब्यातली उपकरणं स्कॅनमध्ये घेऊच नका. करारात परवानगी नसते, आणि तुमच्या स्कॅनची नोंद त्यांच्या बाजूला हल्ला म्हणून होते. विक्रेत्याकडून दर महिन्याला सिरियलसह यादी मागवा.
- एसएनएमपी (उपकरणांची माहिती वाचायचा प्रोटोकॉल) फक्त आवृत्ती ३, प्रमाणीकरण आणि एन्क्रिप्शन दोन्हींसह, वाचण्यापुरतंच. ‘पब्लिक’ ही कम्युनिटी (जुन्या आवृत्त्यांतला परवलीचा शब्द) कुठे सापडली तर आधी ती काढा, शोध नंतर.

एलएलडीपी (शेजारच्या उपकरणाला स्वतःची ओळख सांगणारा प्रोटोकॉल) चालू असेल तर कुठला स्विच कुठल्या पोर्टला आहे हे फुकटात कळतं. एलएलडीपी साधारण दर ३० सेकंदांनी बोलतं, सिस्कोचं तसंच सीडीपी दर ६०. मात्र इंटरनेटकडच्या आणि पुरवठादाराकडच्या पोर्टवर दोन्ही बंद ठेवा.

---

रॅक_बेचाळीस_यू:
फरक हाच माल, हे पटलं. माझी भीती एवढीच आहे की दोन साधनांत तेच क्षेत्र दोनदा लिहिलं जाईल. दोन्ही घ्यायची असतील तर क्षेत्रवार मालकी लिहून ठेवा. आयपी, व्हीलॅन, रॅक, केबल, सर्किट यांचा मालक नेटबॉक्स. ओएस, सॉफ्टवेअर, मेमरी यांचा मालक एजंट. एएमसी, महत्त्व, जबाबदार गट, सेवांशी नातं यांचा मालक जीएलपीआयमधली माणसं. दुसऱ्या साधनात तेच क्षेत्र दिसलं तर ते फक्त वाचण्यासाठी.

जीएलपीआयमध्ये इथे एक गोष्ट सांभाळा. एजंटने भरलेलं क्षेत्र कुणी हाताने बदललं की त्यावर लॉक बसतो आणि पुढे एजंट ते बदलत नाही. कधी हेच हवं असतं. पण कुणीतरी ओएसची आवृत्ती हाताने सुधारली, तर अपग्रेडनंतरही जुनीच दिसत राहील. लॉकची यादी महिन्यातून एकदा पाहा.

---

बदल_समिती:
साधनांवर बोलून झालं. सीएमडीबी मरते ती पुढच्या गोष्टींनी.

चेंज तिकिटात सीआय निवडल्याशिवाय तिकीट मंजुरीला जाता कामा नये, आणि नोंद सुधारल्याशिवाय ते बंद होता कामा नये. रात्रीच्या तातडीच्या बदलाला मंजुरीतून सूट असते, नोंदीतून नाही. त्यासाठी दुसऱ्या कामकाजाच्या दिवसाची मुदत ठेवा आणि ती कोण पाहतं ते ठरवा.

मशीन आत येण्याची जागाही एकच ठेवा. मुख्य कार्यालयात माल उतरला की सिरियल स्कॅन होऊन नोंद ‘साठ्यात’ अवस्थेत तयार व्हायला हवी, शाखेला पाठवताना ती ‘वापरात’ होते. शाखेने परस्पर खरेदी केली तर बिल मंजूर होण्याआधी नोंद क्रमांक मागा. हे लेखा विभागाच्या हातात आहे, म्हणून त्यांना पहिल्याच बैठकीला बोलवा.

बाहेर जाण्याची वाट तर त्याहून दुर्लक्षित असते. सर्व्हर ३० दिवस दिसला नाही तर नोंद आपोआप पुसू नका, ‘तपासा’ अवस्थेत टाका. पीसीला ६० दिवस द्या, कारण प्रसूती रजा, बंद काउंटर, दुरुस्तीला गेलेला, असं काहीही असू शकतं. निकाली काढताना डिस्क पुसल्याचा दाखला आणि अधिकृत रिसायकलरची पावती नोंदीला जोडा. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम लागू आहेत, आणि ग्राहकांचा डेटा असलेली डिस्क कुठे गेली हा प्रश्न ऑडिटर विचारतोच.

पडताळणी दोन्ही दिशांनी करा. दर महिन्याला २० नोंदी निवडून प्रत्यक्ष वस्तू शोधा, आणि समोर दिसणाऱ्या २० वस्तू निवडून त्यांच्या नोंदी शोधा. पहिल्याने मेलेल्या नोंदी सापडतात, दुसऱ्याने कधीच न नोंदवलेल्या वस्तू. बहुतेक ठिकाणी फक्त पहिलीच होते, म्हणून अहवाल ९८ टक्के दाखवतो आणि कपाटामागचा स्विच कुणाला माहीत नसतो.

आणि सीएमडीबी स्वतः कुठे चालते ते पाहा. त्याच व्हीएमवेअर क्लस्टरवर असेल, तर क्लस्टर पडल्यावर काय कशावर अवलंबून आहे हे सांगणारी यादीही पडते. रोज रात्री सेवा, सर्व्हर, नाती, सर्किट आणि संपर्क यांचा एन्क्रिप्ट केलेला उतारा डीआरला आणि विभागप्रमुखाच्या लॅपटॉपवर जाऊ द्या. एन्क्रिप्ट यासाठी की हल्लेखोराला याहून चांगला नकाशा मिळणार नाही. वाचण्याचे अधिकारही आयटीपुरतेच ठेवा. शाखांना फक्त आपापल्या शाखेचं दिसलं तरी पुरे.

---

शाखाआयटी:
खूप उपयोगी. आमचं ठरतंय ते असं: पीसी आणि सर्व्हरला जीएलपीआय, नेटवर्कला नेटबॉक्स, आणि क्षेत्रांच्या मालकीचा तक्ता आधी. सुरुवात फक्त डेटा सेंटर आणि दोन शाखांपासून. जुन्या तीन एक्सेल फायली सीएसव्ही करून आयात करायला काही हरकत?

---

पॅचपॅनेल:
तशाच्या तशा नको. एक्सेल सिरियल बिघडवतं. सुरुवातीची शून्यं उडतात. १५ पेक्षा जास्त अंकांचा क्रमांक असेल तर पुढचे अंक शून्य होतात. आणि अंकांच्या मध्ये एकच इंग्रजी ‘ई’ असलेला सिरियल वैज्ञानिक पद्धतीची संख्या म्हणून बदलला जातो. डेलचे सर्व्हिस टॅग सात अक्षरांचे असतात, त्यांच्यात हे होऊ शकतं. सीएसव्ही एक्सेलमध्ये दुहेरी क्लिक करून उघडली आणि नुसती सेव्ह केली तरी एवढं नुकसान होतं. फाइल आयात करताना तो स्तंभ ‘टेक्स्ट’ म्हणून घ्यायचा. आधीच बिघडलेले सिरियल मात्र परत येत नाहीत, ते मशीनवरूनच घ्यावे लागतात.

म्हणून उलट करा. आधी एजंटने पीसी आणि सर्व्हर भरू द्या, मग एक्सेलमधून फक्त एएमसीची तारीख, खरेदीचा दिनांक आणि बिल क्रमांक सिरियलवर जुळवून आणा. जे जुळणार नाही ते आयात करू नका, वेगळ्या यादीत ठेवा आणि शाखावार तपासायला द्या. जुळवण्यापूर्वी दोन्हीकडचे सिरियल मोठ्या लिपीत करा, मागचे-पुढचे स्पेस काढा, आणि हाताने लिहिलेल्यांत शून्य आणि ‘ओ’ची अदलाबदल करून एकदा पुन्हा जुळवून पाहा.